चौदा नोव्हेंबरचे फोटो

मंगळवार, ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस, डॉक्टर बदलतेस, पण जिने चढणं काही सोडत नाहीस. असो.

आमच्याकडे एकदाचा नवा टीव्ही आला. पंचावन्न इंची. मी बत्तीसवर अडून होते. पण ह्यांनी आणि चिरंजीवांनी फोनवर आपापसांत ठरवून टाकलं, आणि मला कळलं ते खोकं दारात अडकल्यावर. खोकं आडवं करून आत घ्यावं लागलं. जुना टीव्ही सतरा वर्षं टिकला, कधी तक्रार नाही, फक्त माणसं जरा हिरवट दिसायची. हे म्हणाले, "निवृत्त झालो, आता तरी माणसं माणसांच्या रंगाची बघू दे."

बसवायला जो मिस्त्री आला तो बोलका होता. म्हणाला, "काकू, एवढ्या मोठ्या पडद्याला आठ फूट तरी लांब बसावं लागतं." मी म्हटलं, "आठ फुटांवर माझं स्वयंपाकघर आहे." तो म्हणाला, "मग काय, भाजी ढवळता ढवळता बघा!" हे हसले. मी नाही हसले. भिंतीला भोकं पाडायच्या आधी मी देवांवर कापड घातलं, तरी धुरळा आत गेलाच. पहिली दोन भोकं चुकीच्या जागी पडली. मग ह्यांनी पाणीपुरवठ्यातली छत्तीस वर्षं पणाला लावली, गवंड्याची पाणसळ आणली आणि मिस्त्रीला शिकवायला लागले. तो बिचारा "हो साहेब, हो साहेब" करत पाहिजे ते करून मोकळा झाला. टीव्ही सरळ आहे. ती दोन भोकं मी दिनदर्शिकेने झाकली.

चित्र मात्र फार स्वच्छ आहे. बातम्या देणाऱ्या त्या बाईच्या गालावरचा तीळ खरा नाही, पेन्सिलीचा आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. माझं प्रवचन लावलं तर महाराजांच्या घशाची शीर हलताना दिसते. ऐकण्यापेक्षा बघणंच जास्त होतं, ते काही बरं नाही.

जोडणी चिरंजीवांनी तिकडून फोनवर सांगून करून दिली. तो म्हणाला, "आई, तुमच्यासाठी वेगळं खातं उघडतो, पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, "वेगळं कशाला? तू एका खात्याचे पैसे भरतोस ना, त्यातच आम्हाला घाल. घर एक, मग खाती दोन कशाला?" म्हणाला, "नाही, म्हणजे तुझ्या प्रवचनात माझ्या मारामारीच्या फिल्मा येतील." मी म्हटलं, "येऊ देत, मी डोळे मिटीन." मग हसला आणि अक्षरं सांगायला लागला. हे रिमोटने एकेक अक्षर टिपत होते. तीनदा चुकले. तेवढ्यात माझा कुकर झाला.

आता कामाचं. सोबत एका मुलीची माहिती आणि फोटो पाठवते. वय एकतीस, शाळेत चित्रकला शिकवते, वडिलांचा छापखाना आहे, माणसं साधी. मागच्या मुलीला तू "उंची कमी वाटते" म्हणालीस, तिच्या आधीचीची नोकरी तुला लांबची वाटली. या वेळी जरा मोठ्या मनाने बघ. पोरगा छत्तिशीला आला. तू त्याच्यापासून दोन तासांवर राहतेस, तुझं तो ऐकतो. तूच त्याच्या कानावर घाल.

तुझ्या यजमानांना नमस्कार.

तुझी ताई


रविवार, ता. ८ फेब्रुवारी

धाकटी,

एक विचारायचं आहे. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी, नोव्हेंबरच्या चौदा तारखेला तू कुठे होतीस? त्या संध्याकाळी मी तुला फोन केला होता, तू उचलला नाहीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, डॉक्टरकडे रांगेत होते.

आपल्या आईची राखाडी शाल तुझ्याकडेच आहे ना? तिच्या काठाला मी रफू केलं होतं, ते टिकलं आहे का?

उत्तर पत्राने पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मग मीच तुझी समजूत घालत बसते.

त्या मुलीची माहिती परत पाठवून दे. तिच्या वडिलांना मला काहीतरी सांगावं लागेल.

ताई


बुधवार, ता. ११ फेब्रुवारी

धाकटी,

काल दुपारपासून तुझे सात फोन आले. एक ह्यांनी उचलला आणि "ती जपाला बसली आहे" म्हणून सांगितलं. बसले होते खरी. जप होत नव्हता.

म्हणजे पत्र पोचलं, आणि तुला कळलं. आता नीट लिहिते, नाहीतर उद्या म्हणशील की ताईचा गैरसमज झाला.

या टीव्हीला एक खोड आहे. दहा मिनिटं कोणी काही लावलं नाही की तो गप्प बसत नाही, आपणहून चित्रं दाखवायला लागतो. शनिवारी दुपारी प्रवचन संपलं आणि मी समोर शेंगा सोलत बसले होते. पडद्यावर एक तळं आलं, मग पूल आला, मग आपला मुलगा. मला वाटलं, वा, याला घरचं माणूस कळतं! खातं त्याचं घातलं ना, म्हणून त्याच्या फोनमधले फोटोही त्याच वाटेने आले. मीच म्हटलं होतं, घर एक तर खातं एक. त्याच्या लक्षातच आलं नसणार. माझ्याशी बोलताना तो नेहमी घाईत असतो.

मुलगा नव्या कोटात. शेजारी ती, जिला मी नको म्हटलं होतं, हातात फुलं. टेबलावर जाड रजिस्टर, मागे काचेचं कपाट, कपाटात फायली. टेबलाच्या कडेवर पिवळ्या झग्यात तिची पोर, पाय हलवत बसलेली. आणि मुलाच्या डाव्या अंगाला, जिथे मी उभी असायला हवी होते, तिथे तू. खांद्यावर आईची शाल. जुन्या टीव्हीवर तुला ओळखलंही नसतं, म्हटलं असतं कोणी हिरवट बाई आहे. इथे रफूचे टाके मोजता येत होते. तेवीस आहेत. मीच घातले आहेत, मला मोजायचीही गरज नव्हती.

मग रजिस्टरचा फोटो आला. पानावर तुझा हात, हातात पेन. मी उठले, चष्मा लावला, काचेला नाक लावून उभी राहिले. साक्षीदाराचं नाव, सही, आणि पुढे रकाना, नातं. त्यात लिहिलं आहे, आई.

एक फोटो आठ सेकंद राहतो. मग गेला. तो परत येईपर्यंत मी हलले नाही. परत आला तेव्हाही तेच लिहिलेलं होतं.

खाली कोपऱ्यात तारीख येते. चौदा नोव्हेंबर. मी वही काढून बघितली. मुलाचं लग्न ठरू दे म्हणून मी जप धरला होता, त्याचा तो चाळिसावा दिवस. म्हणजे देवाने ऐकलं होतं, मला कळवायचं तेवढं राहिलं.

आणि त्यानंतर पंधरा महिने मी तुला मुलींची माहिती पाठवत राहिले. नऊ मुली, धाकटी. तू प्रत्येकीचा फोटो बघून चार ओळी लिहायचीस. हिचं नाक बसकं, तिचे वडील तापट. एवढं खोटं इतकं मन लावून कसं लिहिता येतं? त्या पोरींच्या आईबापांना मी "कळवतो" म्हणून तिष्ठत ठेवलं, ते पाप माझ्या नावावर.

त्याला अजून काही बोलू नकोस. मी बघेन.

तुला मूल झालं नाही यावरून मी आजवर शब्द काढला नाही. पण म्हणून माझं घ्यायचं?

ताई


गुरुवार, ता. १९ फेब्रुवारी

धाकटी,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पत्र टाकल्यावर पेटीत हात घालून बघितला. पेटीचं तोंड अरुंद असतं.

तुझं उत्तर आलं. आठ पानं. तू लिहितेस, कारकुनाने "मुलाच्या आई आल्या आहेत का?" असं विचारलं, पोराचा चेहरा पडला, म्हणून तुझ्या तोंडून "हो" निघून गेलं, आणि एकदा हो म्हटल्यावर रकान्यात तेच लिहावं लागलं. हे मला पटतं. पोराचा पडलेला चेहरा मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पटतं म्हणूनच सहन होत नाही. पण "कारकुनानेच लिहिलं" असं पुढे घातलंस, ते खोडून टाक. तुला पाटीवर "आ" मी गिरवायला लावला होता. तुझा काना मला टेलिव्हिजनवरही ओळखू येतो.

तू लिहितेस की "भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना दोष देऊ नकोस". हे वाचून मी पुन्हा टीव्हीसमोर बसले. हे एकाही फोटोत नाहीत, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पण ते काचेचं कपाट आहे ना मागे, त्यात फोटो काढणारा दिसतो. टक्कल, आणि खांद्यावर मी शिवलेली पट्ट्यापट्ट्यांची पिशवी.

मी हाक मारली. म्हटलं, "त्या कपाटात कोण आहे?"

"कुठे? फायली आहेत."

"काचेत बघा."

"काही नीट दिसत नाही गं."

"पंचावन्न इंची तुम्हीच आणलात. बत्तीस आणला असता तर नसतं दिसलं."

मग हे खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. त्या नोव्हेंबरात तीन दिवस हे पेन्शनच्या कामाला म्हणून गेले होते. मी वाटेत खायला डबा दिला होता. जरा जास्तच भरला होता, कचेरीतल्या लोकांनाही होईल म्हणून. तो डबा पुढच्या एका फोटोत आहे. पोर त्यातलं खाते आहे, गालाला लागलं आहे. म्हणजे लग्नाला माझा डबा गेला, मीच काय ती राहिले.

हे म्हणाले, "तू देवाची शपथ घेतली होतीस. सांगितलं असतं तर तू शपथ पाळली असतीस, मला तू ठाऊक आहेस. मुलगा तुटला असता. म्हणून आम्ही दोघांना वाचवलं."

वाचवलं! शपथ काय होती, आठवतं का? तिच्याशी लग्न केलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. आणि पंधरा महिने दर रविवारी मी त्याच्याशी बोलते आहे. जेवलास का, थंडी आहे का, स्वेटर घाल. रोज त्याच देवासमोर दिवा लावते आहे. तुम्ही तिघांनी मिळून माझी शपथ मोडलीत आणि मला कळवलंही नाहीत. मोडायचीच होती तर ती माझ्या हाताने मोडायची होती. कदाचित मोडली नसती. कदाचित चार महिने रडून, उपास करून, शेवटी मोडलीही असती. ते आता मलाही कधी कळणार नाही. तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत.

एक गोष्ट तुला मी तेव्हा सांगितली नव्हती, ती आता सांगते. शपथ घेताना मी आणखीही एक बोलले होते. "नवऱ्याला सोडून आलेली, वर दुसऱ्याची पोर. ते माझ्या दारात नको." त्याचा फोन मोठ्या आवाजावर होता. ती शेजारीच बसली होती. हे मला त्याने आठ दिवसांनी सांगितलं, आणि सांगून म्हणाला, "आई, तो विषय मी सोडला." मी म्हटलं, शहाणा माझा बाळ. मला वाटलं, मी जिंकले.

ताई


शुक्रवार, ता. २७ फेब्रुवारी

धाकटी,

तुझी दोन्ही पत्रं आली. "त्याला सांगून टाकूया, मन मोकळं होईल" असं तू लिहितेस. तेवढं मात्र करू नकोस. मी हात जोडून सांगते.

मी रोज दुपारी बसते. हे बाहेर फेरी मारायला जातात ते मुद्दामच, मला माहीत आहे. टीव्ही लावते, आवाज बंद करते, आणि दहा मिनिटं वाट बघते. आता नुसते लग्नाचेच फोटो येत नाहीत, रोजचेही येतात. त्याने काढला की संध्याकाळपर्यंत माझ्याकडे. पोरीचा पुढचा दात पडला, सोमवारी. बुधवारी तिने त्याचे बूट घातले होते. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ दोरी आहे, तिच्यावर त्याचा शर्ट उलटा वाळत घातलेला असतो. तिला कोणीतरी शिकवलं आहे. मी त्याला शिकवलं होतं तसंच, रंग उडू नये म्हणून. त्याने सांगितलं असेल.

ती मला वाटली होती तशी नाही. मला कशी वाटली होती ते लिहिण्यासारखं नाही. दमलेली दिसते. डोळ्यांखाली काळं आहे. या टीव्हीवर काही लपत नाही. परवा त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघत होती. कोणी काढला असेल तो फोटो? पोरीनेच काढला असणार, अर्ध्या चित्रात तिचं बोट आहे.

हे सगळं मी वहीच्या मागच्या पानांवर तारीखवार लिहून ठेवते. चोरून बघते आहे, हे मला कळतं. त्यासाठी देवाजवळ वेगळं बोलते. पण त्याला कळलं की तो बंद करील, आणि मग माझ्याकडे रविवारचा फोन उरेल. जेवलास का, थंडी आहे का.

तू माझ्याशी पंधरा महिने खोटं बोललीस. आता थोडे दिवस माझ्यासाठी त्याच्याशी नुसती गप्प राहा. एवढं मागते. मला वेळ हवा आहे. या वेळी काय करायचं ते मला माझं ठरवू दे.

ताई


रविवार, ता. ८ मार्च

धाकटी,

गुरुवारी दुपारी टीव्ही लावला. दहा मिनिटं झाली. डोंगर आला. मग धबधबा, मग वाळवंट. वाळूचा कण न् कण दिसतो. मी दीड तास बसले. शुक्रवारीही. शनिवारीही. आता तो टीव्ही जगातली सगळी ठिकाणं दाखवतो, आपलं माणूस सोडून.

ह्यांना विचारलं. ह्यांनी देवाकडे बोट दाखवून "मी नाही" म्हटलं. या वेळी मी विश्वास ठेवला. मग राहिलं कोण? तुझ्या मनात चांगलंच असेल. तुझ्या मनात नेहमीच चांगलं असतं, आणि ते नेहमी माझ्या पाठीमागे घडतं.

आणि तो? आईला कळलं हे त्याला कळलं. त्याने फोन केला नाही. फोटो काढून टाकले.

मला राग आला नाही असं लिहिणार होते. आला. आज सकाळी दिवा लावला आणि देवाला म्हटलं, शपथ मी एकटीने घेतली होती, ती दुसऱ्यांनी मोडली ते तुझ्या माझ्या हिशोबात धरू नकोस. आता मी मोडते. ही माझ्या नावावर मांड. मग फोन लावला. आज रविवार, पण नेहमी तो करतो. मी कधी करत नाही, तुला माहीत आहे.

पोरीने उचलला. "बाबा अंघोळीला गेलेत. कोण बोलतंय?"

मी विचार करून ठेवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मी आजी."

ती म्हणाली, "आजी तर इथे आहे! चहा पितेय. देऊ?"

तू तिथेच होतीस, धाकटी. त्यांच्या खुर्चीवर बसून, त्यांच्या कपातून. पोर तुला माझ्या नावाने हाक मारते आणि तू ओ देतेस.

मी म्हटलं, "नको, तिला चहा पिऊ दे. ती दुसरी. मी पहिली."

"दोन असतात?"

"असतात."

तिने जरा विचार केला. म्हणाली, "मग तू कधी आली का नाहीस?"

इतक्या दिवसांत मला एवढा सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. तुम्हा तिघांत मिळून कोणाला सुचला नाही. मी तिला खरं उत्तर दिलं. लहान मुलीला समजेल असं, पण खरं, माझं ते "दारात नको"चं वाक्यसुद्धा. ती "बरं" म्हणाली. मग पाण्याचा आवाज थांबला, दार वाजलं, आणि फोन त्याच्या हातात गेला. "आई?" असं तो म्हणाला.

पोरीने तुला "कोणाचा फोन?" याचं काय सांगितलं ते तुझं तू बघ. तो फोन घेऊन गच्चीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं, हे तू पाहिलंच असशील. पाऊण तास तू दाराच्या अलीकडे बसली होतीस. काय बोलणं झालं ते तो तुला सांगणार नाही, मी त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं आहे. मीही लिहिणार नाही. पत्र आलं तरी, फोन केलास तरी. ते आमचं आहे.

ताई